घटस्फोटाचा दाखला ग्रामपंचायतीत मिळत नाही : हुकूमनामा कुठे शोधायचा, नक्कल कशी मागायची?



वस्तीत, विहारात किंवा तालुका शाखेत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "दादा, घटस्फोटाचा दाखला कुठे काढायचा?" जन्माचा आणि मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते. लग्नाची नोंदही तिथेच होते. मग घटस्फोटाचा दाखलाही तिथेच मिळत असेल, असे लोकांना साहजिकच वाटते. ताई ग्रामपंचायतीत जाते. तिथून तिला तहसीलला पाठवतात, तहसीलमधून सेतू केंद्रात. शेवटी कचेरीबाहेर बसलेला कुणीतरी स्टॅम्पपेपरवर दोन ओळी टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून देतो आणि "झाला तुमचा घटस्फोट" म्हणून सांगतो.

तो कागद घटस्फोट नाही. या कागदावर विश्वास ठेवून आपल्या कितीतरी भगिनी पुढे पोटगीच्या, पेन्शनच्या, दुसऱ्या लग्नाच्या आणि मुलांच्या हक्काच्या प्रश्नात अडकतात. म्हणून आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत. तरुणांनी तो वाचावा आणि आपल्या वस्तीत समजावून सांगावा.

आपल्याला कोणता कायदा लागू आहे?

बौद्धांना विवाह आणि घटस्फोटाच्या बाबतीत हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी वेगळी आणि तिची चर्चाही वेगळी. पण आज न्यायालयात जो कायदा चालतो तो हाच. विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने झाला असेल, तर घटस्फोटही त्याच कायद्याखाली होतो. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे.

स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागता यावा, यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात तरतूद केली होती. ते बिल रखडवले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ च्या कायद्यात हा हक्क आला. एवढ्या संघर्षातून मिळालेला हक्क आपण स्टॅम्पपेपरवर सोडून द्यावा का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

सोडचिठ्ठी, फारकत, पंचांचा निवाडा

गावपंच बसले, दोन्हीकडच्या लोकांनी सह्या केल्या, भांडीकुंडी परत दिली, काडीमोड झाला, असे अजूनही चालते. काही ठिकाणी विहाराच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवरही असे लिहून दिले जाते. हेतू चांगला असेल, पण विवाह संपवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला, पंचाला किंवा नोटरीला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयानेही परिपत्रक काढून नोटरींना विवाहाचे किंवा घटस्फोटाचे करारपत्र करू नका, असे बजावले आहे.

कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे, हे खरे. पण अशी रूढी आपल्या समाजात जुनी, सातत्याने पाळली गेलेली आणि सार्वजनिक हिताच्या विरोधात नसलेली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात हेच सांगितले आहे. धम्म स्वीकारताना आपण जुन्या रूढी मागे टाकल्या. मग त्यातल्याच एका रूढीचा आधार न्यायालयात घ्यायचा, तो पुराव्याने सिद्ध करायचा आणि तोही आपल्या बहिणीच्या हक्काची किंमत देऊन, हे कशासाठी?

मग खरा कागद कोणता?

न्यायालय घटस्फोट मंजूर करते तेव्हा दोन कागद तयार होतात. एक न्यायनिर्णय, म्हणजे निकालपत्र. त्यात कारणे दिलेली असतात. दुसरा हुकूमनामा, ज्याला बोलीत 'डिक्री' म्हणतात. विवाह अमुक तारखेपासून विच्छेदित झाला, हे हुकूमनाम्यात थोडक्यात लिहिलेले असते. सरकारी कचेरीत 'घटस्फोटाचा दाखला' मागतात तेव्हा त्यांना याच हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी असते. वेगळा दाखला कोणतीही कचेरी देत नाही.

खालील कागद म्हणजे घटस्फोट नव्हे, हे नीट लक्षात ठेवा :

१) पोटगीचा आदेश. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. पोटगी मंजूर झाली म्हणून विवाह संपत नाही.

२) न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा (कलम १०). यात वेगळे राहण्याची मुभा मिळते, पण विवाह कायम राहतो.

३) कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षणाचा किंवा निवासाचा आदेश.

४) परस्पर संमतीच्या अर्जाची पहिली तारीख. इथे सर्वांत जास्त फसगत होते. कलम १३-ब नुसार दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असतील तर एकत्र अर्ज करता येतो. अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत दोघांना पुन्हा न्यायालयासमोर यावे लागते. योग्य प्रकरणात सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. अनेक जोडपी पहिल्या तारखेला सह्या करून घरी जातात आणि घटस्फोट झाला असे समजतात. दुसरी तारीख होऊन हुकूमनामा निघाला नसेल, तर ते अजून पती-पत्नीच आहेत.

प्रकरण कोणत्या न्यायालयात असेल?

नक्कल मागण्यापूर्वी प्रकरण कुठे चालले हे कळले पाहिजे. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. मुंबईचे वांद्र्यात आहे, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे असे अर्ज सामान्यतः दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात चालतात.

गाव माहीत नसेल तर कलम १९ उपयोगी पडते. अर्ज कुठे करता येतो हे त्यात दिले आहे, म्हणजेच शोध कुठे घ्यायचा तेही त्यावरूनच ठरते : विवाह जिथे झाला ते ठिकाण; अर्ज दाखल झाला तेव्हा समोरची व्यक्ती जिथे राहत होती ते ठिकाण; दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले ते ठिकाण; आणि अर्ज पत्नीने केला असेल तर ती राहत होती ते ठिकाण. बहुतेक प्रकरणे या चार ठिकाणी सापडतात. ताईचे लग्न लातूरला झाले, संसार पिंपरीत झाला, आता ती माहेरी नांदेडला आहे, तर शोध लातूर, पुणे आणि नांदेड असा घ्यायचा.

नंबर कसा शोधायचा?

पहिला मार्ग वकिलांचा. ज्यांनी प्रकरण चालवले त्यांच्याकडे प्रकरण क्रमांक असतो. वकील बदलले असतील किंवा हयात नसतील, तर घरातील जुनी समन्स, नोटीस, तारखेची चिठ्ठी शोधा. त्यावर क्रमांक आणि वर्ष असते.

दुसरा मार्ग 'ई-कोर्ट्स'चा. या सरकारी संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो; तो मिळाला की थेट त्याच प्रकरणाची माहिती उघडते. महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात 'एमएच' अशी होते आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. नाव शोधताना स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे टाका. मात्र वैवाहिक प्रकरणांची सुनावणी कलम २२ नुसार बंद दाराआड होते, त्यामुळे निकालपत्र तिथे उघड दिसेलच असे नाही. जुनी प्रकरणेही तिथे सापडतीलच असे नाही. ऑनलाइन काही सापडले नाही, म्हणजे प्रकरणच नव्हते, असा निष्कर्ष काढू नका.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष न्यायालयात जाण्याचा. तिथल्या कार्यालयात दोघांची नावे आणि अंदाजे वर्ष सांगून नोंदवहीत शोध घेण्यासाठी अर्ज द्या. जुनी प्रकरणे अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असतात. तिथून फाइल मागवायला वेळ लागतो. काही कागद ठरावीक मुदतीनंतर नष्टही केले जातात. म्हणून "लागेल तेव्हा काढू" असे म्हणू नका. हुकूमनामा निघाला की लगेच प्रती घ्या.

नक्कल कशी मागायची?

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाने दोन्ही पक्षांना त्याची एक प्रत विनामूल्य द्यायची आहे. ती मिळाली नसेल तर अर्जात या कलमाचा उल्लेख करून मागा. पुढच्या प्रतींसाठी नियमाप्रमाणे शुल्क भरावे लागते.

अर्जाचा नमुना असा :

प्रति,
नक्कल विभाग,
मा. _______ न्यायालय, _______

विषय : न्यायनिर्णय व हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळणेबाबत.

महोदय/महोदया,
मी खाली सही करणार, वर विषयात नमूद मागणीच्या प्रकरणात अर्जदार/सामनेवाला आहे. प्रकरणाचा तपशील : प्रकरण क्रमांक ____, वर्ष ____, सीएनआर क्रमांक ____, पक्षकारांची नावे ____ विरुद्ध ____, निकालाची तारीख ____. सदर प्रकरणातील न्यायनिर्णय व हुकूमनाम्याच्या ____ प्रमाणित प्रती मला मिळाव्यात. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३(४) नुसार देय असलेली विनामूल्य प्रत मला यापूर्वी मिळालेली नाही. ती विनामूल्य देण्यात यावी. उर्वरित प्रतींचे नियमानुसार शुल्क भरण्यास मी तयार आहे.
दिनांक, सही, पत्ता, मोबाइल क्रमांक.

विनामूल्य प्रत आधीच मिळाली असेल तर ते वाक्य गाळा. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडा आणि अर्ज दिल्याची पोच घ्या. किमान दोन, शक्यतो तीन प्रमाणित प्रती काढा. मूळ प्रमाणित प्रत कोणत्याही कचेरीत कायमची देऊ नका. दाखवा आणि झेरॉक्स द्या.

प्रत हातात आल्यावर चार गोष्टी तिथेच तपासा : दोघांची नावे आणि स्पेलिंग, विवाहाची तारीख, निकालाची तारीख, आणि प्रत्येक पानावर शिक्का व शेवटी प्रमाणित केल्याची सही. नावात चूक असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी न्यायालयातच अर्ज करावा लागतो. पेनाने खाडाखोड करू नका. प्रतीवर अर्जाची तारीख आणि प्रत तयार झाल्याची तारीखही असते. अपिलाची मुदत मोजताना प्रत मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ वगळला जातो, म्हणून या तारखांना महत्त्व आहे.

माहिती अधिकारात मिळेल का?

आपले कार्यकर्ते माहितीचा अधिकार उत्तम वापरतात. पण न्यायालयीन प्रकरणाच्या प्रतींसाठी तो मार्ग चालत नाही. न्यायालयाच्या नियमांनुसार प्रमाणित प्रत मिळण्याची सोय असताना ती त्याच मार्गाने घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करून महिना घालवण्यापेक्षा थेट नक्कल विभागात जा.

प्रकरणात पक्षकार नसलेल्या माणसाला प्रत हवी असेल तर कारण सांगून, प्रतिज्ञापत्र देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वैवाहिक प्रकरणात खासगी गोष्टी असतात, म्हणून ही अट योग्यच आहे. दुसऱ्याच्या घटस्फोटाची कागदपत्रे गोळा करून व्हॉट्सॲपवर फिरवणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे.

माझा घटस्फोट माझ्या नकळत झाला असेल तर?

नवरा सांगतो, "तुझा-माझा घटस्फोट कधीच झाला." ताईला एकही समन्स मिळालेले नसते. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, तो खोटे बोलतो आहे. दोन, चुकीचा पत्ता देऊन त्याने एकतर्फी हुकूमनामा घेतला आहे. दोन्ही शक्यतांचे उत्तर वर सांगितलेल्या शोधातच आहे. त्याला प्रकरण क्रमांक आणि न्यायालयाचे नाव विचारा. सांगता आले नाही तर वरच्या चारही ठिकाणी शोध घ्या.

एकतर्फी हुकूमनामा सापडला तर वेळ घालवू नका. समन्स नीट बजावले गेले नसेल, तर तो हुकूमनामा रद्द करण्यासाठी त्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करता येतो. म्हणून कळले त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, नकलेचा अर्ज करा आणि त्याच आठवड्यात वकिलांना भेटा.

दुसरे लग्न जुळवताना

घटस्फोटित मुलगा किंवा मुलगी यांचे स्थळ येते तेव्हा आपण पत्रिका पाहत नाही, ही चांगली गोष्ट. पण हुकूमनामा जरूर पाहा. त्या व्यक्तीकडूनच प्रमाणित प्रत मागा. यात अपमान काही नाही. कलम १५ नुसार अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील फेटाळले गेल्यावर पुन्हा विवाह करता येतो. कलम २८ नुसार ही मुदत ९० दिवसांची आहे. पहिला विवाह कायम असताना दुसरा केला तर तो रद्दबातल ठरतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही होतो. त्यात सगळ्यात जास्त नुकसान दुसऱ्या बायकोचे होते. तिला कायदेशीर पत्नीचे स्थान मिळत नाही.

विवाह लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी आणि भन्तेजींनीही हा नियम करावा : वधू किंवा वर घटस्फोटित असेल, तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही.

मग स्थानिक कचेऱ्यांचे काम काय?

त्यांचे काम दोन वेळा येते. पहिले, न्यायालयात जाण्यापूर्वी. विवाहाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा उतारा लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली गावात ग्रामपंचायत आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिका यांच्याकडे ही नोंद असते. विशेष विवाह कायद्याखालील नोंद विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळते. संस्थेचे विवाह प्रमाणपत्र असेल तर तेही जपून ठेवा. पण ते सरकारी नोंदणीची जागा घेत नाही.

दुसरे, हुकूमनामा मिळाल्यावर. न्यायालय निकाल देते, पण तो तुमच्या रेशन कार्डापर्यंत आपोआप पोहोचत नाही. प्रत घेऊन तुम्हालाच जावे लागते : रेशन कार्डातील नाव वेगळे करण्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा शिधावाटप कार्यालयात, मतदार यादीतील दुरुस्तीसाठी नमुना ८ भरून, बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीतील वारस नोंद बदलण्यासाठी त्या त्या कार्यालयात. विवाह नोंदवहीतील जुनी नोंद खोडली जात नाही. विवाह झाला होता ही वस्तुस्थिती राहतेच. मुलांच्या जन्मदाखल्यावरील वडिलांचे नावही घटस्फोटाने बदलत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आणि लाडकी बहीण योजनेत घटस्फोटित महिलांचा समावेश आहे. त्याचबरोबर परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या महिलांचाही आहे. म्हणून योजनेसाठी खोटा स्टॅम्पपेपर करण्याची गरज नाही. घटस्फोट झालेला नसेल आणि नवऱ्याने टाकले असेल, तर परित्यक्ता म्हणूनच अर्ज करा. योजनेसाठी लिहून दिलेली सोडचिठ्ठी उद्या पोटगीच्या दाव्यात तुमच्याच विरोधात दाखवली जाऊ शकते.

पैसे नाहीत, वकील नाही?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे विसरू नका. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. ही दया नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे.

तरुणांना आमची विनंती आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवा. एक जण ई-कोर्ट्सवर शोध घेईल, एक जण अर्ज लिहील, एक जण ताईसोबत न्यायालयात जाईल. सोबत जाणारा माणूस मिळाला की अर्धी भीती तिथेच जाते. आणि कुणी स्टॅम्पपेपरवर सह्या घ्यायला आला, तर त्याला एवढेच विचारा : हुकूमनाम्याचा नंबर काय?

जय भीम!